जलनाथांची काठी

नाल्याच्या काठावर सकाळी आठपासूनच पाय ठेवायला जागा उरत नसे. तामसी गावाला जाणारी बस तिथे थांबा नसताना थांबायची आणि आधी कंडक्टरच उतरून हात जोडायचा. मधोमध पाटावर जलनाथ महाराज, पुढ्यात काचेची मोठी बरणी, आणि बरणीत त्या नाल्यातून वाहणारं आदिलाबादच्या गटाराचं काळंशार पाणी. महाराज जाड काठीने ते पाणी ढवळत, वर लाल कापड टाकत आणि भजन धरायला सांगत. कापड उचललं की गाळ तळाशी आणि वर नितळ पाणी.

"गंगा गटारात अडकली होती, मी फक्त तिला हाक मारली," महाराज सांगत. गंगेला हाक ऐकू यायला रोज बरोबर अर्धा तास कसा लागतो, हे कुणी विचारत नव्हतं.

गर्दीच्या मागे उभी असलेली सुनयना मात्र जळत होती. शहराचं सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या प्रयोगशाळेत ती कामाला होती. सहा काचपात्रांत गटाराचं पाणी घ्यायचं, त्यात मापून तुरटी टाकायची, ढवळायचं, गाळ बसेपर्यंत थांबायचं, हे तिचं रोजचं काम. महाराजांची विद्या तिने पहिल्याच दिवशी ओळखली होती. तिला राग त्या फसवणुकीचा कमी आणि महाराजांच्या गळ्यात पडणाऱ्या हारांचा जास्त आला होता.

कारणही तसंच होतं. केंद्रातून शेवटी बाहेर पडणारं स्वच्छ पाणी दाखवायला तिने दोन वर्षांपूर्वी एक बाटली घरी आणली होती. सासूबाईंनी, बयनाबाईंनी, ती बाटली चिमट्याने उचलून बाहेर फेकली होती. तेव्हापासून कामावरून आल्यावर डोक्यावरून अंघोळ केल्याशिवाय सुनयनाला चुलीजवळ जायची सोय नव्हती. आणि त्याच बयनाबाई आता महाराजांनी दिलेल्या त्याच गटाराच्या पाण्याचा तांब्या देव्हाऱ्यात ठेवून त्याला कुंकू लावत होत्या.

आजवर हे तीर्थ नुसतं डोक्यावर शिंपडत. पण येत्या शुक्रवारी ते लहान मुलांना पाजायचं, असं महाराजांनी जाहीर केलं. सहा वर्षांच्या प्रीतीचं पोट सारखं बिघडायचं, म्हणून बयनाबाईंनी नातीसाठी नवस बोलून टाकला.

सुनयनाने घरात समजावून पाहिलं. नवरा जीवन म्हणाला, आईच्या मधे मी पडत नाही. बयनाबाई जास्वंदीची फुलं निवडता निवडता शांतपणे म्हणाल्या, "तुले त्याईचा हेवा वाटून राह्यला, बाई. दुसरं काई नाई."

हे खरंच होतं. पण हेवा खरा असला म्हणून पाणी चांगलं ठरत नाही. मंगळवारी तिने देव्हाऱ्यातल्या तांब्यातलं थोडं पाणी तपासणीच्या बाटलीत भरलं. पाण्यात मैल्याचे जंतू असले की ही बाटली दीड-दोन दिवसांत काळी पडते. दुसऱ्या बाटलीत तिने स्वतः तुरटीने नितळ केलेलं गटाराचं पाणी भरलं आणि दोन्ही उबेला ठेवल्या.

शुक्रवारी महाराजांच्या बरणीशेजारी तिने आपली बरणी मांडली. केस कापणाऱ्या मारोतीच्या दुकानातून तुरटीचा खडा मागून आणला होता, तो सगळ्यांना दाखवला. नाल्याचं पाणी भरलं, खडा फिरवला, आपला पदर वर टाकला आणि म्हणाली, "आता भजन दोघांसाठी म्हना."

अर्ध्या तासाने दोन्ही बरण्या सारख्याच नितळ होत्या. सुनयनाची जरा जास्तच. महाराज घाईने उठले, तर मारोतीने त्यांची काठी धरली आणि टोकाला गुंडाळलेलं कापड सोडलं. आत भोक पाडून बसवलेला पांढरा खडा होता. "हे तर माह्या दुकानातल्यावानी तुरटी हाय," मारोती म्हणाला. रांजणातल्या गढूळ पाण्यात तीस पावसाळे तुरटी फिरवलेल्या बयनाबाई त्या खड्याकडे बघतच राहिल्या. नळ आले, पाण्याचे कॅन आले आणि आपल्याच हातचं काम त्या विसरून गेल्या होत्या. एवढ्या गडबडीत महाराज बसमध्ये चढलेसुद्धा.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण लोकांनी महाराजांच्या गळ्यातून पडलेला हार उचलला आणि सुनयनाच्या गळ्यात घातला. कुणी तिच्या पायाशी वाकलं. बयनाबाईंचा ऊर भरून आला. त्यांनी प्रीतीला पुढे ओढलं, पेला सुनेच्या बरणीत बुडवला आणि म्हणाल्या, "कोन्या बाबाचं कायले पायजे? माह्या सुनेच्या हातचं पी."

दोन वर्षं सुनयना याच शब्दांसाठी जळत होती. क्षणभर तिला ते फार गोड लागले, खोटं कशाला बोलायचं. मग तिने सासूचं मनगट धरलं, पेला जमिनीवर ओतला आणि पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. दोन्ही शाईसारख्या काळ्या झाल्या होत्या.

"ही बाबाची अन् ही माही," ती म्हणाली. "तुरटीनं गाळ खाली बसते, रोगाचे जंतू जात नाईत. आमच्या केंद्रात यापुढं किती तरी कामं होतात, तरी ते पानी झाडाले अन् कापसाले द्याचं असते, पोराले नाई. त्यानं सांगतलं म्हनून तुमी प्याले निघाले, आता म्या केलं म्हनून पिऊन राह्यले. मानूस पाहू नका, तपासून पाहा."

बयनाबाई रिकाम्या पेल्याकडे पाहत राहिल्या. "म्या पाजलं असतं वं पोरीले," त्या हळूच म्हणाल्या.

सुनयनाने हार काढून ठेवला. काढताना तिला वाईट वाटलं. मग तिने विचारलं, घरच्या पिण्याच्या पाण्याची तपासणी कुणाकुणाला शिकायची आहे. गर्दी पांगायला लागली होती. थांबल्या फक्त तिघी बायका, आणि त्यांत सगळ्यांत पुढे बयनाबाई होत्या.