पिवळी क्लिप

...पिवळीच. एका कडेचा रंग उडालेला, फुलाची एक पाकळी तुटलेली. सिस्टरच्या खिशाला, पेनाशेजारी लावलेली; सिस्टर सलाइनचे थेंब बघायला वाकली की तीही वाकत होती. पाकळी तुटली ती सकाळ आईला लख्ख आठवली. शाळेला उशीर, वेणी घालताना ठकीची चुळबुळ, आपला हात जरा जोरात पडलेला...

ठकीचे केस गळून उशीवर दिसायला लागले त्याच दिवशी तिनं घरातले सगळे कंगवे, रबरं, क्लिपा गोळा करून माळ्यावर टाकल्या होत्या. आरसासुद्धा. नवरा तेव्हापासून अंदाजानं दाढी करत होता आणि निम्मी राखत होता. मग ही एक वाचली कशी? बरं, वाचली ती वाचली — दिली कुणाला?

"छान दिसतेय," ती म्हणाली. चहात माशी दिसूनही गोड बोलणाऱ्या पाहुणीसारखी.

"बक्षीस मिळालंय!" सिस्टर हसली. "काल पाठीतलं इंजेक्शन झालं ना, ही जराही हलली नाही. मी म्हटलं, शाब्बास. तर बाईसाहेब म्हणतात, तूपण हलली नाहीस, हे घे."

तूपण. म्हणजे हलणारी कोण ते ठरलेलंच. पहिल्या वेळी आईच होती आत. मुंगी चावल्यासारखं वाटेल, म्हणाली होती, आणि मग ठकीच्या आधी स्वतःच रडली होती. दुसऱ्या वेळी दाराशीच ठकीनं हात सोडवून घेतला... "तू बाहेर बस." सात वर्षांची पोर! सिस्टर मात्र सरळ सांगते, दुखेल, दहा मोजेपर्यंत दुखेल. असं काय मोठं केलंय तिनं? संध्याकाळी ती घरी जाते, पोटभर जेवते, झोपते. मीही सांगितलं असतं — मला झोप मिळाली असती तर.

आणि ठकीच्या मैत्रिणींचे फोन. आई दर वेळी सांगायची, झोपलीये. ठकी शेजारी टक्क जागी, ऐकत. परवा सिस्टरनंच फोन काढून ठकीच्या हातात दिला होता. "बोलू दे की ओ, फोनमधून जंतू येत नाहीत!" टोपी न घालता ठकी अर्धा तास खिदळली होती. तेव्हा आई बाहेर नळाखाली धुतलेलाच पेला पुन्हा धूत होती.

सिस्टर पलीकडच्या खाटेकडे गेली.

"मला का नाही दिलीस गं?" विचारायचं नव्हतं, निघून गेलं.

ठकीनं चादरीचा धागा ओढला. "तू माळ्यावर टाकली असतीस."

आईनं गुळणीच्या औषधाचं झाकण उघडलं, पेल्यात ओतलं. औषधांनी ठकीचं तोंड आलं होतं. दोन दिवस घास लागला की ती डोळे मिटून घेत होती. पेला पाहून तिनं आईच्या खांद्यावरून पलीकडे हाक मारली, "सिस्टर, हे झोंबेल?"

सिस्टर कुणाच्या तरी हाताची शीर शोधत होती. तिनं ऐकलं नाही.

"झोंबेल," आई म्हणाली.

ठकीनं तिच्याकडे पाहिलं. बऱ्याच दिवसांनी, नीट.

"किती?"

"माहीत नाही. माझं तोंड इतकं कधी आलं नाही."

ठकीनं विचार केला. "मग तू मोज. मध्ये थांबायचं नाही."

एक, दोन... ठकीचे गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी, पाच, सहा... पायाची बोटं चादरीत वळलेली. सातला आईचा आवाज हलला. ठकीची नजर लगेच तिच्या तोंडावर — झालं, आता बाहेर बस म्हणेल — आठ. आई म्हणाली, आठ. नऊ.

पलीकडे खिशावर क्लिप हलत होती. सिस्टरनं ऐकलं का हे? ऐकायला हवं होतं. आणि ती क्लिप मला हवी होती, अजूनही तेवढीच... फक्त मागून घेतलेली नको.

"दहा," ती म्हणाली आणि थुंकायला ठकीच्या तोंडापुढे पेला धरला.