चिमट्याने केलेली बाग

बागेला वर्ष झालं म्हणून कंपाउंडरबाईंनी त्या दिवशी चहात साखर जरा सढळ हाताने घातली आणि दोन कप घेऊन त्या वन्संच्या खोलीत आल्या. वन्सं म्हणजे त्यांची थोरली नणंद. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली, लग्न केलं नाही, भाऊ गेल्यावर भावजयीला एकटी टाकून कुठे गेली नाही. दोघींचं एकमेकींवाचून पान हलत नसे आणि एकमेकींशी एक दिवस धड पटत नसे.

गेल्या वर्षी वन्सं न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ते रीतसर सांधलं. पण वन्संनी जी पाठ टेकली ती टेकलीच. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी विनवण्या करून थकली, आणि परवा तर डॉक्टरांनी कंपाउंडरबाईंना दवाखान्यात बोलावून सरळच सांगितलं, आता महिन्याभरात उठल्या नाहीत तर पायातलं उरलंसुरलं बळही जाईल. मग उठायचं म्हटलं तरी उठता येणार नाही.

हे ऐकून हातपाय गाळणारी बाई वेगळी. कंपाउंडरबाई घरी येईपर्यंत वन्संवर इतक्या चिडल्या होत्या की रडायला सवडच झाली नाही.

मुळात बाग झाली तीच वन्संपायी. इस्पितळातून घरी आल्या त्या दिवशी कंपाउंडरबाई म्हणाल्या होत्या, "उठा, जरा खिडकीत बसा." त्यावर वन्संचं उत्तर, "खिडकीत बसून बघू काय? तुझी भिंत?" खरंच होतं ते. मागच्या अंगणात फुटक्या फरश्या, एक गंजकं पिंप आणि भिंत. "एखादं फुलपाखरू येऊन राहिलं इथे तर सांग," वन्सं म्हणाल्या, "त्या दिवशी उठेन." बोलून त्या मोकळ्या झाल्या. कंपाउंडरबाईंनी मात्र ते शब्द गाठीला बांधले.

त्यांनी फरश्या उचकटल्या, माती आणवली, झेंडू लावला, झिनिया लावली, खिडकीसमोर कागदी लिंबाचं कलम लावलं. खारीने बिया उकरून खाल्ल्या, त्यांनी पुन्हा पेरल्या. उन्हाने रोपं करपली, त्यांनी जुन्या चादरीची सावली केली. रोज संध्याकाळी पलंगाशी बसून त्या बागेच्या बातम्या द्यायच्या: चिमणीने पिंपाच्या झाकणात अंघोळ केली, कावळा झाडूची काडी घेऊन गेला, बुलबुलाची जोडी भिंतीवर बसून भांडली. "नवराबायको असतील," वन्सं म्हणायच्या आणि कूस बदलायच्या.

आणि बाग ठेवली होती कशी म्हणाल, तर ऑपरेशनच्या खोलीसारखी. उभी हयात दवाखान्यात गेलेली बाई ती. रोज सकाळी हातमोजे चढवून, एका हातात चिमटा आणि दुसऱ्या हातात दवाखान्यातून निवृत्त होताना आणलेला किडनी ट्रे घेऊन राउंडला निघायची. लिंबावरची एकेक अळी चिमट्याने उचलायची, ट्रेमधल्या साबणाच्या पाण्यात टाकायची. लहान अळ्या तर अशा लबाड की पाखराची शीट वाटावी. पण कंपाउंडरबाईंच्या नजरेतून एक सुटेल तर शपथ. पानाला भोक म्हणून दिसायचं नाही.

"वर्ष झालं वन्सं," चहाचा घोट घेत त्या म्हणाल्या. "सगळं आलं बघा. खार आली, पाखरं आली, मधमाश्या आल्या. मेली फुलपाखरं तेवढी राहायला तयार नाहीत. ते काळंपिवळं एखादं येतं, लिंबावर घिरट्या घालतं, पानाला जरा टेकतं, की निघालं भिंतीवरून. माझ्या फुलांना काय काटे आहेत? आणि अळ्या बघाल तर बोलवायला नको. रोज हजर."

वन्सं भिंतीकडे तोंड करून होत्या. त्या तशाच म्हणाल्या, "त्या अळ्या कुणाच्या वाटतात तुला?"

कंपाउंडरबाईंचा कप तोंडापाशीच राहिला.

अळीचं फुलपाखरू होतं हे त्यांना माहीत नव्हतं का? होतं की. पण ते पुस्तकातल्या अळीचं. आपल्या लिंबावर येते ती कीड, आणि कीड म्हणजे मारायची, एवढं त्यांचं डोकं त्या बाबतीत पक्कं होतं. वर्षभर ज्या पाहुण्याची वाट बघितली, त्याचीच पोरं त्या रोज सकाळी चिमट्याने उचलत होत्या.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पलंगावरून लिंबाचा शेंडा दिसतो मला. ती काळीपिवळी यायची, अंडी घालून जायची, आणि मागोमाग तू यायचीस ट्रे घेऊन."

"मग मूग गिळून का पडला होतात? सांगायला काय झालं होतं?"

वन्संनी भिंतीचा एक पोपडा नखाने काढला. मग म्हणाल्या, "फुलपाखरू राहिलं असतं तर उठावं लागलं असतं." आणि जरा थांबून, "भीती वाटते गं मला. पुन्हा पडले तर या वेळी नाही निभायचं."

कंपाउंडरबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. वर्षभर आपण ऊन म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही, आणि ही बया पलंगावरून सगळा तमाशा बघतेय. पण शाळाभर जिचा दरारा, ती वन्सं कशाला तरी घाबरते हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. त्या उठल्या, ट्रे आणि चिमटा कपाटाच्या वरच्या खणात टाकला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. आता बघा."

त्यानंतरचे दिवस कंपाउंडरबाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. कोवळी पालवी डोळ्यांदेखत कुरतडली जात होती आणि त्यांचे हात शिवशिवत होते. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "लिंबाला कीड लागली हो तुमच्या." त्या म्हणाल्या, "लागू दे, आमचीच आहे." शेजारणीला वाटलं, वय झालं.

पण अळ्यांची खबर बुलबुलालाही लागली. तो रोज एकदोन उचलायचा. कंपाउंडरबाई ओला टॉवेल घेऊन राखणीला बसायच्या, तरी जरा आत वळल्या की डाव साधायचा. होता होता शेंड्यावर एकच उरली, हिरवीगार आणि गुबगुबीत. वन्सं आता भिंतीकडे तोंड करत नव्हत्या. "आहे का गं अजून?" म्हणून विचारायच्या, दिसत असूनही.

एका सकाळी कंपाउंडरबाई मागच्या दारात टॉवेल पिळत होत्या आणि बुलबुल येऊन थेट लिंबावर बसला.

"अगं, हाकल त्याला," आतून वन्संचा आवाज आला.

टॉवेल हातात होता. एक झटका पुरे होता. कंपाउंडरबाईंनी अळीकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि त्यांच्या मनाने एकदम निकाल दिला. त्या दाराआड सरकल्या.

"ऐकू येत नाही का? शेंड्याशी गेला तो. अगं, कुठे मेलीस?"

त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. वन्सं पडल्या तर तुझ्यामुळे पडतील, हे त्या स्वतःला सांगत होत्या आणि तरी ओ देत नव्हत्या. पलंग करकरला. मग काहीतरी फरशीवर घासत गेलं. कंपाउंडरबाई चपला काढून पावलांचा आवाज न करता खोलीच्या दारापर्यंत आल्या, वन्सं कोसळल्या तर झेलायला.

वर्षभर ज्या वॉकरवर टॉवेल वाळत होते तो वॉकर, टॉवेलांसकट, खिडकीपाशी पोचला होता. वन्सं एका हाताने गज धरून, दुसऱ्या हाताने स्टीलचा पेला गजांवर बडवत होत्या. "हट् मेल्या, हट्." पाय लटलट कापत होते, पण उभे होते.

बुलबुल उडाला. चोचीत अळी घेऊनच उडाला.

"खाल्ली," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि चेहरा संतापाने लाल झाला होता. "माझ्यासमोर खाल्ली त्याने." मग मान वळली आणि दारातली भावजय दिसली. "तू इथेच होतीस?"

"होते."

"हाक ऐकली होतीस?"

"पहिलीच."

वन्संनी तिच्याकडे एकटक बघितलं. आता चांगलीच खरडपट्टी निघणार अशी कंपाउंडरबाईंनी मनाची तयारी केली.

"खुर्ची आण," वन्सं म्हणाल्या. "ती पुन्हा यायची अंडी घालायला. उद्यापासून राखणीला मी बसणार. तुझा काडीचा भरवसा नाही मला."

कंपाउंडरबाई स्वयंपाकघरात गेल्या, खुर्ची उचलायला वाकल्या आणि तिच्यावरच बसून हमसून हमसून रडल्या. वर्षभर सवड झाली नव्हती.

"अगं, किती वेळ लावतेस?" आतून आवाज आला. "मी उभी आहे इथे."