मखमलीखालचा सर्व्हर

रक्तपेढीच्या नोंदणी खोलीत जांभळ्या मखमलीचं आच्छादन घातलेलं एक यंत्र होतं. आच्छादनाला पुढून ठेवलेल्या फटीतून शर्टाच्या गुंडीएवढा लाल स्टिकर दिसायचा. त्याच्या कडेनं बारीक नारिंगी उजेड झिरपे आणि विझे. मिनिटाला सत्तेचाळीस वेळा. मॅडमनी दोनदा मोजलं, कारण एकदाच मोजलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नसे.

दुसऱ्यांदा मोजणं जरा जड गेलं, कारण मागून गर्दी ढकलत होती. सर्व्हर सकाळी साडेनऊला बंद पडला होता. आठवड्यातली ही चौथी वेळ. सगळ्या रक्तदात्यांच्या आणि रुग्णांच्या नोंदी त्याच्या पोटात, त्यामुळे सगळं काम ठप्प. पण कुणाचा चेहरा पडलेला नव्हता, कारण बाबा यायचे होते. परिचारिका, रुग्णवाहिकेचे दोन चालक, कॅन्टीनवाल्या ताई, एवढंच काय, डोळ्यांच्या विभागातून थेंब घालून आलेले एक आजोबाही वाट चाचपडत पहिल्या रांगेत पोचले होते.

"मला दिसत काहीच नाही," ते शेजारच्याला सांगत होते, "पण जाणवतंय बरं का."

मॅडम रक्तपेढीच्या तंत्रज्ञ. दर चार तासांनी प्रत्येक फ्रिजचं तापमान स्वतः वहीत लिहायच्या, म्हणून त्यांच्या माघारी सगळे त्यांना थर्मामीटरबाई म्हणत. नोंदणी खोलीचा कारकून त्यांचा सख्खा दीर. तो दारात उभा राहून लोकांना जोडे काढायला लावत होता.

"वहिनी, तुम्हीसुद्धा."

"मी रक्ताच्या बाटल्या हाताळते, भाऊजी. अनवाणी फिरायचं नाही, हा आमचा नियम आहे."

एवढ्यात सर्व्हरबाबा आले. पांढरी विजार, पांढरा सदरा आणि स्टेशनावर घोषणा व्हावी तसा आवाज.

"याला बिघाड म्हणू नका!" बाबा कडाडले. "हा संताप आहे! दिवसभर परक्यांचं रक्त वाचतो बिचारा. तुम्हाला स्वतःचा एक अहवाल वाचला तरी घेरी येते!"

"खरंय हो," आजोबा म्हणाले.

"सगळ्यांनी आपापले संगणक बंद करा. दार उघडा. खिडकी उघडा. गर्दीनं पाच पावलं मागं. एकवीस मिनिटं याच्याकडे कुणी काही मागायचं नाही. मागणाऱ्यांचं ओझं उतरलं की हा आपोआप उठतो."

बाबांनी दोन बोटांनी मखमल उचलली, यंत्रावर तळवा ठेवला आणि पुटपुटायला लागले. मॅडमनी घड्याळात पाहिलं. बरोबर एकविसाव्या मिनिटाला बाबांनी बटण दाबलं आणि यंत्र घुमायला लागलं.

"उठला! उठला!" दिराच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी मखमल पुन्हा नीट पांघरली. दार-खिडकी लागली, चाळीस संगणक चालू झाले आणि गर्दी कृतार्थ होऊन पांगली.

मॅडम घाईनं पडद्यासमोर बसल्या. त्यांना एकच नोंद हवी होती, शिंपीण मावशींची. मावशींच्या पोटातली गाठ उद्या दुपारी काढायची होती. सहा वर्षांपूर्वी त्यांना रक्त चढवलं, तेव्हा त्यांच्या शरीरानं परक्या रक्तातल्या एका खुणेविरुद्ध हत्यार तयार करून ठेवलं होतं. काही वर्षांत असं हत्यार इतकं विरळ होतं की तपासणीत दिसत नाही. पण शरीर विसरत नाही. तसलं रक्त पुन्हा गेलं, तर ते बाईच्या अंगातच फुटायला लागेल. कोणती खूण टाळायची ते मावशींच्या कार्डावर लिहिलं होतं आणि कार्ड हरवलं होतं. आता ते फक्त सर्व्हरला ठाऊक होतं.

मॅडमनी क्रमांक टाकला. पडद्यावर गोल फिरत राहिलं. मग अक्षरं उमटली: नोंद वाचता येत नाही. आणि मखमलीखालचं घुमणं थांबलं.

"मिळालं का गं?" मागून मावशींनी विचारलं. मग आच्छादनाकडे कौतुकानं पाहिलं. "फिटिंग छान बसलंय ना? मापं मीच घेतली होती. बाबा म्हणाले, अंगाला घट्ट हवं."

*

मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत नवा सर्व्हर आठ महिने खोक्यात पडून होता. खोक्यावर चहाचा ट्रे ठेवायची सोय झाली होती. जुना बदलण्याबद्दल मॅडमनी सहा पत्रं लिहिली होती. सहाही 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत आली होती. चर्चा मात्र कधीच झाली नव्हती.

"जुना बंद केला आणि नवा चाललाच नाही तर?" डॉक्टर म्हणाले. "आणि लोकांची श्रद्धा आहे. घाई नको."

"शस्त्रक्रिया उद्या आहे, सर."

"म्हणूनच म्हणतो, घाई नको."

या माणसाला निर्णयाची भीती वाटते हे त्यांना ठाऊक होतं. "निर्णय नको," त्या म्हणाल्या. "मला फक्त प्रयोगाची परवानगी द्या."

डॉक्टरांचा चेहरा खुलला. "प्रयोग ना? मग करा की! प्रयोगाला कोण नाही म्हणतंय?"

दुपारी पुन्हा गर्दी जमली. मॅडमनी दार-खिडकी उघडली, सगळे संगणक बंद करायला लावले, मखमल काढून खुर्चीवर ठेवली आणि लिफ्टवाल्या काकांना पुढे बोलावलं.

"काका, यंत्रावर हात ठेवा आणि पुटपुटा."

"काय पुटपुटू?"

"तुम्हाला जे पाठ असेल ते."

काकांनी डोळे मिटले. "तळमजला, केस पेपर. पहिला, बालरोग. दुसरा, हाडं. तिसरा, रक्तपेढी. दाराला टेकू नका..." एकवीस मिनिटं ते वर-खाली करत राहिले. मग मॅडमनी बटण दाबलं. यंत्र घुमायला लागलं.

मॅडमना वाटलं, आता सगळे हसतील. पण गर्दी दोन पावलं पुढे सरकली.

"काका," एक परिचारिका हलक्या आवाजात म्हणाली, "माझ्या मोबाईललाही जरा हात लावता का?"

"इतकी वर्षं आपण रोज यांच्या लिफ्टमधून जात होतो," रुग्णवाहिकेचा चालक म्हणाला, "आणि कुणाला पत्ता नाही!"

"अहो, मला वर जायचंय, घंटा वाजतेय," काका रडकुंडीला आले. त्यांना वाट मिळेना.

मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांनी मखमल पांघरली, दार लावलं आणि चाळीस संगणक चालू करायला सांगितलं. अर्ध्या तासात यंत्र पडलं. मग दुसरा प्रयोग. या वेळी हात नाही, पुटपुटणं नाही. मखमल काढायची आणि स्टुलावर टेबलफॅन ठेवायचा. नऊ मिनिटांत यंत्र सुरू झालं.

कॅन्टीनवाल्या ताईंनी पंख्याला हळूच हात लावून तो कपाळाला लावला. "जुन्या काळातला आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हाच्या वस्तूंत काहीतरी असायचं."

तिसऱ्या प्रयोगासाठी मॅडमनी पंखा काढून, मखमल पांघरून यंत्र पुन्हा पडू दिलं आणि बाबांनाच बोलावलं. "बाबा, तुमच्या हातात शक्ती असेल तर बाकीचं कशाला? मखमल राहू दे. दार बंद. संगणक चालू. फक्त हात ठेवा."

"हे नियमात बसत नाही."

"नियम कुणाचे?"

पाहणारे चाळीस-पन्नास लोक होते, मागं सरायला जागा नव्हती. बाबांनी मखमलीखाली हात सरकवला आणि पुटपुटले. एकवीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"आज याचं तोंड पश्चिमेला आहे," ते म्हणाले.

"तो भिंतीच्या कप्प्यात पक्का बसवलाय, बाबा. त्याचं तोंड रोजच पश्चिमेला असतं."

कुणीतरी फिस्सकन हसलं. बाबांनी हात काढून फुंकर मारली. "ऐंशीच्या वर गेला असणार आता," ते स्वतःशीच बोलले. "कसला उठतोय!"

मागच्यांनी माना पुढे काढल्या.

"ऐंशी काय, बाबा?" मॅडमनी विचारलं.

"संतापाचे... अंश."

पहिल्यांदा आजोबा हसले. मग हसू दारापासून जिन्यापर्यंत गेलं. बाबा खुर्चीत बसले.

"बावीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले," ते साध्या आवाजात म्हणाले. "फ्रिज सुरू झाला की लोक 'बरं' म्हणून दार लावून घ्यायचे. इथं एसी बघायला आलो होतो. हा तापून बंद पडला होता. म्हटलं, उघडा, थंड होऊ द्या. झाला सुरू, तर हे कारकून साहेब पाया पडले. मी काय करणार?"

"'तापलाय' एवढं खरं सांगायचं होतं," मॅडम म्हणाल्या. "आणि मखमल कशाला शिवून घेतलीत?"

लवकर तापला नसता, तर आठवड्यातून चार वेळा बोलावणं आलं नसतं, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. शिंपीण मावशींच्या तर आधी.

मॅडमनी मखमल दूर करून पुढची जाळी काढली. आत बोटभर जाड धुळीचा थर होता. मग त्यांनी लाल स्टिकर नखानं सोलला. खाली नारिंगी दिवा लुकलुकत होता, मिनिटाला सत्तेचाळीस वेळा. पुस्तिकेत त्याचा अर्थ एका ओळीत दिलेला होता: डिस्क निकामी, ताबडतोब बदला.

"बाबा म्हणाले, तो डोळा आहे, उघडा ठेवला तर नजर लागते," दीर पुटपुटला.

"यात दोन डिस्क आहेत, भाऊजी. दोन्हींवर तेच लिहिलेलं. एक गेली की दुसरी सांभाळते. एक गेल्याचं हा दिवा कधीपासून ओरडून सांगत होता. दुसरी एकटी तापत राहिली, आता तिचीही पानं फाटायला लागलीत."

"पण वहिनी, तो उठायचा ना? आम्ही डोळ्यांनी पाहिलं."

"उठायचाच. तुम्ही पाहिलं ते खोटं नव्हतं. फक्त हाताबरोबर दारही उघडत होतं, खिडकीही, आणि चाळीस जणांचं काम थांबत होतं. तुम्ही सगळं श्रेय हाताला दिलंत. एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली असती, तर पहिल्या दिवशीच कळलं असतं. त्याला शिक्षणही लागत नाही, भाऊजी. विचारायची लाज वाटली नाही, की झालं."

*

आता आशा होती ती बॅकअपची. रोज संध्याकाळी सगळ्या नोंदींची प्रत वेगळ्या डिस्कवर उतरवायची आणि ती डिस्क घरी न्यायची, हे काम दिराचं. सात वारांच्या सात डिस्क लाल पिशव्यांत घालून घरच्या कपाटात, रजयांच्या मध्ये ठेवलेल्या असत. मॅडमनी त्या कितीदा पाहिल्या होत्या. उघडल्या कधीच नव्हत्या, त्याचं त्यांना आता वाईट वाटलं. दीर धावत जाऊन सातही पिशव्या घेऊन आला आणि मान खाली घालून उभा राहिला.

"वहिनी, एक सांगायचंय. बाबा म्हणाले होते, वायर जोडली की त्याचं सत्त्व ओढलं जातं. म्हणून मी रात्रभर डिस्क नुसती त्याच्या डोक्यावर ठेवायचो. पाझरेल म्हणून."

"बाबा आल्यापासून? आठ महिने?"

"एक दिवस चुकलो नाही."

मॅडमनी चहाचा ट्रे उचलून डॉक्टरांच्या हातात दिला आणि खोकं उघडलं. "प्रयोगच आहे," त्यांनी आठवण करून दिली. नवं यंत्र उघड्या खिडकीजवळ, भिंतीपासून हातभर दूर मांडलं. सोमवारची डिस्क जोडली. वाचली गेली नाही, डोक्यावर तापून ती कधीच गेली होती. मंगळवारची अर्ध्यावर थांबली. दीर भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बुधवारची जोडली, तेव्हा पडद्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख आली आणि नोंदी सावकाश नव्या यंत्रात उतरायला लागल्या. नोंदी मोजल्या, पुन्हा मोजल्या, जुन्या रजिस्टरातल्या वीस नावांशी ताडून पाहिल्या. जुळल्या.

मग मॅडमनी मावशींचा क्रमांक टाकला. पडद्यावर सहा वर्षांपूर्वीची त्यांचीच नोंद होती, टाळायच्या खुणेसकट. रक्तपेढीतल्या त्यांच्या रक्तगटाच्या चौदा बाटल्यांपैकी अकरांमध्ये ती खूण निघाली. उरलेल्या तीन मॅडमनी बाजूला काढल्या.

मधल्या आठ महिन्यांचं जेवढं वाचता येतं तेवढं जुन्यातून पंखा लावून उतरवता येणार होतं, उरलेलं कागदी अर्जांवरून भरता येणार होतं. पण तोवर अर्धी माणसं सवयीनं जुन्यावरच नोंदी करत होती आणि अर्धी नव्यावर.

दुसऱ्या दिवशी दुपारी शस्त्रक्रियागृहातून डॉक्टरांना फोन आला. सर्जनचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. "सर, एका यंत्रावर बाईंची नोंद नाही, दुसऱ्यावर आहे. दुसरा म्हणे प्रयोग आहे. प्रयोगावर मी रक्त देऊ शकत नाही. तुमची खरी नोंद कुठली?"

"त्यावर आपण चर्चा..." डॉक्टरांनी सुरुवात केली.

रुग्णालयाचा झगा घालून मावशी दाराशी चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. "डॉक्टर," त्या म्हणाल्या, "चर्चा करायची तर आत्ता करा. एकदा पोट उघडल्यावर मला बोलता येणार नाही."

डॉक्टरांनी मॅडमकडे पाहिलं. "तुमची खात्री आहे?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका, सर. ही बुधवारची डिस्क, ही वीस नावं, हे रजिस्टर. तुम्हीच ताडून पाहा."

डॉक्टरांनी चष्मा लावला. एकेक नाव बोटानं धरून वाचलं, सगळी वीस. फोनवर सर्जन थांबले होते, दारात मावशी थांबल्या होत्या. विसाव्या नावावरून बोट उचलून डॉक्टरांनी फोन तोंडाशी धरला.

"नवा सर्व्हर हाच खरा," ते म्हणाले. "रक्त त्यावरच्या नोंदीप्रमाणे द्या. आणि जुन्यावर आजपासून कुणी बसायचं नाही. मॅडम, त्यातलं वाचता येईल ते काढून घ्या आणि तो बंद करा."