शंभर पत्त्यांची जागा

मी बोलतोय तो एका लाकडी कपाटाच्या खालच्या खणातून. शेजारी जुनी चार्जरं आहेत, दांडी तुटलेला एक चष्मा आहे आणि बंद पडलेलं एक तापमापक. मोटारीच्या काचेला चिकटून रस्ता सांगणारं यंत्र आहे मी. लोक मला जीपीएस म्हणायचे. एक माणूस तेवढा मला ‘गडी’ म्हणायचा. त्याच्याबद्दलच मला सांगायचं आहे.

माझा जन्म कारखान्यातल्या पांढऱ्या दिव्याखाली झाला. कुणी माझ्या पोटात नकाशे भरले, कुणी सात तऱ्हेचे आवाज भरले आणि पत्ते साठवायला मला शंभर जागा दिल्या. शंभर म्हणजे खूप झाले, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दुकानाच्या काचेमागे मी बरेच दिवस बसून होतो. एके सकाळी दोघं आली. एक मधल्या वयाची नर्स, तिला सगळे सिस्टर म्हणत. दुसरे पांढऱ्या मिशांचे ड्रायव्हर मामा. अकरा वर्षं मामा दवाखान्याची गाडी चालवत होते आणि सिस्टर शेजारी बसून घरोघरी जात होती. ज्यांना दवाखान्यात ठेवून आता उपयोग नाही, अशा माणसांची ती घरं. तिथं जाऊन ती जखमा धुवायची, अंग पुसून द्यायची, दुखणं थांबवणारं इंजेक्शन द्यायची. आता मामांचे डोळे अधू झाले होते. ते निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी नवा ड्रायव्हर मिळणार नव्हता. सिस्टर गाडी शिकली होती, पण रस्ते सगळे मामांच्या डोक्यात होते.

“माझ्या जागी कोण बसणार, ते मीच बघून देतो,” मामा दुकानदाराला म्हणाले.

दुकानदारानं एक मोठ्या पडद्याचं यंत्र पुढे केलं. “हे घ्या. यात गाणी वाजतात, जवळची हॉटेलं दिसतात.”

“हॉटेलं काय करायचीत? मला गाडीत लावून बघू द्या.”

मग मामांनी एकेक यंत्र गाडीला लावलं आणि दुकानाभोवती चकरा मारल्या. प्रत्येक चकरेला ते मुद्दाम चुकीचं वळण घ्यायचे. पहिलं यंत्र “मागे वळा, मागे वळा” करत सुटलं.

“हा आमच्या साहेबांसारखा आहे,” मामांनी ते काढून ठेवलं.

दुसऱ्यानं चुकताक्षणी टुंग टुंग घंटा वाजवली. “ही आमच्या हिच्यासारखी.”

“मामी इथं नाहीत म्हणून बोलताय,” सिस्टर हसली.

“ती असती तर चुकीचं वळण घ्यायची माझी छाती होती का?”

मग माझी पाळी आली. सात आवाजांतला सगळ्यात सावकाश आवाज मामांनी लावला. वळण चुकवलं. मी थोडा वेळ गप्प राहिलो आणि म्हणालो, “नवीन मार्ग शोधत आहे.” बस्स, एवढंच. खरं सांगायचं तर मी मुळातच मंद होतो, पण मामांना ते पटलं.

“हा गडी ओरडत नाही. पोरी, हाच घे. तू चुकणार. आणि चुकलेल्या माणसावर कुणी ओरडलं की तो आणखी चुकतो.”

सिस्टरनं एकच विचारलं, “यात पत्ते किती मावतात?”

“शंभर,” दुकानदार म्हणाला. “ताई, शंभर ठिकाणी कोण जातं?”

पहिले आठ दिवस मामा बाजूच्या सीटवर बसून आले. रस्ता मी सांगायचो आणि गाडी कशी चालवायची ते मामा सांगायचे. मागून कुणी हॉर्न वाजवला की म्हणायचे, “कडेला हो. मागच्याला जागा दे. त्याला कुठं पोचायचं असेल, आपल्याला काय माहीत?” नवव्या दिवशी त्यांनी माझी काच रुमालानं पुसली, “सांभाळ रे हिला,” म्हणाले आणि छत्री घेऊन उतरले.

सिस्टर माझ्यात पत्ते साठवू लागली. नावं तिचीच. पोपटवाल्या आजी. तिसरा मजला. लाल फाटक. दोघी बहिणी. ‘कुत्रा चावतो’ असंही एक घर होतं. तिथला कुत्रा पुढे तिच्या पायाशी झोपायचा, पण नाव तेच राहिलं.

या घरांत जाणं फार दिवस चालत नसे. कधी दोन महिने, कधी दोन आठवडे. मग एक दिवस सिस्टर त्या घरून परत यायची, गाडीत नुसती बसून राहायची आणि यादीतल्या त्या नावावर बोट ठेवायची. मी पडद्यावर विचारायचो, “नक्की पुसायचं?” माणसांना मी विचारतो असा हा एकच प्रश्न. ती थोडा वेळ बघत राही आणि ‘नाही’ दाबी.

“राहू दे,” ती पुटपुटायची. “कुणाच्या तरी यादीत राहू दे.”

मला ते आवडायचं. माझ्या पोटात कुणी मरत नव्हतं.

साडेचार वर्षं अशी गेली. मग मामा आजारी पडले. मामी आधीच गेल्या होत्या, म्हणून लेकीनं त्यांना स्वतःकडे नेलं. गावाबाहेरची अगदी नवी वसाहत. सगळी घरं एका रंगाची, एका उंचीची, निम्मी अजून कुलूपबंद. माझ्या नकाशात ती आलेलीच नव्हती. पहिल्या दिवशी जावई मोठ्या रस्त्यावर स्कूटर घेऊन उभा होता. त्याच्या मागोमाग आम्ही पोचलो.

तासाभरानं सिस्टर बाहेर आली ती डोळे पुसतच. गाडीत बसून तिनं ‘ही जागा साठवा’ दाबलं आणि ‘मामा’ असं नाव दिलं.

माझ्यात जागा नव्हती. शंभरावं घर मागच्याच आठवड्यात भरलं होतं. मी पडद्यावर लिहिलं, “जागा शिल्लक नाही.” तिनं न वाचताच ‘ठीक आहे’ दाबलं आणि गाडी वळवली.

मला ओरडून सांगायचं होतं. पण माझा आवाज फक्त वळणांसाठी. बाकी सगळं मला मुकाट्यानं लिहावं लागतं. न ओरडणारा म्हणून मला निवडलं होतं, आणि त्या दिवशी एकदा तरी ओरडायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला. “सिस्टर, बाबांना सहन होत नाहीये. लवकर या हो.”

सिस्टर निघाली. सिग्नलला तिनं यादी उघडली. पोपटवाल्या आजी. तिसरा मजला. लाल फाटक. वर-खाली, वर-खाली. मामा नव्हते.

“असं कसं होईल? मी साठवलं होतं!”

आठवेल तशी ती वसाहतीत शिरली. माझ्या पडद्यावर नुसती राखाडी जागा आणि तिच्यात फिरणारा एक बाण. तिनं फोन लावला.

“पाण्याच्या टाकीपासून दुसरी गल्ली,” लेक घाईनं म्हणाली. मागून कण्हण्याचा आवाज येत होता. मग फोन तुटला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना. टाक्या चार होत्या. विचारायला रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. त्याच त्या भिंतींना आम्ही पाऊण तास फेऱ्या मारल्या. शेवटी एका फाटकापाशी जावयाची स्कूटर दिसली.

चोरीच्या भीतीनं सिस्टर मला नेहमी काचेवरून काढून खिशात ठेवायची. त्यामुळं पुढचं मी ऐकलं. लेक चिडून काहीतरी बोलली आणि मधेच रडू लागली. सुई टोचली गेली. कण्हणं हळूहळू थांबलं. मग मामांचा आवाज आला, अगदी बारीक.

“वळण चुकलीस ना?”

“मामा, माझी चूक झाली. तुम्हाला एवढा वेळ…”

“टॉवेल चावत पडलो होतो. जाऊ दे. गडी ओरडला का तुझ्यावर?”

“नाही मामा.”

“मग बरोबर निवडला मी.”

गाडीत येऊन तिनं पुन्हा ‘ही जागा साठवा’ दाबलं. या वेळी माझी पाटी वाचली. दोनदा वाचली. मग यादी उघडून ती एकेक नाव मोठ्यानं म्हणू लागली. “पोपटवाल्या आजी.” नक्की पुसायचं? हो. “तिसरा मजला.” हो. “दोघी बहिणी.” इथं बोट थांबलं, पण हो. जी माणसं अजून वाट बघत होती, तेवढीच नऊ घरं उरली. दहावं मामांचं.

त्या घरी आम्ही आणखी चार वेळा गेलो. चारही वेळा वेळेवर.

त्यातल्या शेवटच्या वेळी ती परतली आणि गाडीत बसून राहिली. मामांच्या नावावर बोट ठेवलं. मी माझा प्रश्न विचारला. विचारू नये असं फार वाटत होतं, पण तो माझ्या हातात नाही. मागून एका ट्रकनं हॉर्न दिला, तेव्हा तिनं गाडी कडेला घेतली, त्याला जाऊ दिलं आणि ‘हो’ दाबलं.

आता सिस्टरही निवृत्त झाली आहे आणि उरलेली नावंही तिनं एकेक करून पुसली आहेत. माझे नकाशे जुने झाले आणि रस्ते दाखवायचं काम फोन करतो. गेल्या महिन्यात तिची सून कपाट आवरत होती. मला उचलून तिनं विचारलं, “आई, हे आता नक्की टाकून द्यायचं?”

इतकी वर्षं मी विचारलेला प्रश्न त्या दिवशी माझ्याबद्दल विचारला गेला.

“नाही,” सिस्टर म्हणाली. “राहू दे.”

म्हणून मी इथं आहे. माझ्या शंभरच्या शंभर जागा रिकाम्या आहेत. तुमच्या यादीत कुणी वाट बघत असेल, तर आज त्याच्याकडे जाऊन या. पाऊण तास फार मोठा असतो. माझी काळजी करू नका. मी कडेला उभा आहे, मागच्याला जागा देऊन.