फिरते पंखे

“फोटो हलला हाय, असं म्हनून राहिले थे.” प्रणालीने मोबाइल वडिलांपुढे धरला. “आन क्षितिज तिरपं. नापास.”

तिला वाटलं, बाबा आता नेहमीसारखं पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करतील. पण संघपाल तायडे चक्क हसला. डाव्या हाताने त्याने चष्मा सावरला.

“वाच, पुन्हा वाच.”

“बाबा, नापास केलं त्याईनं. खुश कायचे होऊन राहिले तुमी?”

“खरं बोलले ना पोरी! वरीस झालं, मले कोनी खरं बोललंच नाई.”

ते तसंच होतं. अकोल्यात संघपालचा फोटो स्टुडिओ होता आणि अर्ध्या जिल्ह्याची लग्नं त्याच्या कॅमेऱ्यातून गेली होती. मग एका सकाळी दाढी करता करता लकवा मारून गेला. वाचा परत आली, पाय ओढत का होईना चालू लागला. उजवा हात मात्र कपभर चहाचंही वजन पेलेना. बोटं हलत, पण मनगट थरथरत राही. त्या हाताने त्याने साळ्याच्या नातवाच्या बारशाचे फोटो काढले. सगळे हलले होते. संघपालला ते पाहताक्षणी कळलं. पण साळा म्हणाला, “वा भाटवे, पयल्यासारखेच!” बायको ज्योत्स्ना म्हणाली, “छान आले.” स्टुडिओ सांभाळणारा नितेश, ज्याला त्याने स्वतः घासून पुसून तयार केलं होतं, तोही मान खाली घालून म्हणाला, “मस्तच हायेत दादा.” त्या दिवशी संघपालने कॅमेरा कपाटात ठेवून दिला.

पुढे हाताच्या व्यायामासाठी तो अमरावतीला, लेकीकडे येऊन राहिला. जवळच्या बेलोरा विमानतळावर मुंबईचं विमान येऊ लागलं होतं. एका रविवारी प्रणालीने त्याला स्कूटीवर बसवून तिकडे नेलं. रामराव नावाच्या शेतकऱ्याला विचारून दोघं त्याच्या बांधावर उभी राहिली. विमान उतरलं, संघपालने फोटो काढला, आणि प्रणालीने तो विमानांच्या एका ऑनलाइन गॅलरीत पाठवला. तिथे जगभरातून फोटो येत. अनोळखी परीक्षक प्रत्येक फोटो तपासत. क्षितिज सरळ हवं, विमान चौकटीत मधोमध हवं, फोटोत रवाळ ठिपके नकोत, धूसरपणा नको. काढणारा कोण, याच्याशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

संघपाल पेटला. तो फोटो पाठवत राहिला आणि ते परत करत राहिले. क्षितिज सरळ केलं, तर उन्हाळा आडवा आला. धावपट्टीवरून झळा उठत आणि विमान पाण्यात बुडाल्यासारखं वेडंवाकडं दिसे. ‘उष्ण हवेमुळे आकार विरघळला आहे,’ असा शेरा आला.

“आता वऱ्हाडाच्या उनाले काय सांगाव, बाबा?” प्रणाली हसली.

“उनाले काई सांगू नोको. हिवाळा येतेच.”

त्याने शटरचा वेग वाढवला. फोटो हलायचा थांबला, पण पंखे थिजले. विमान पंख्याचं. पातं न् पातं मोजून घ्यावं असं स्थिर दिसे. नवा शेरा आला: ‘पंखे बंद पडल्यासारखे वाटतात.’ संघपालला तो शेरा शंभर टक्के पटला. उडतं विमान आभाळात टांगून ठेवल्यासारखं दिसत होतं. पंखे फिरताना दिसायचे तर शटर सावकाश हवं, आणि सावकाश शटरला विमानासोबत एका लयीत वळणारा, न थरथरणारा हात हवा. नेमका तोच त्याच्याकडे नव्हता.

तो अकोल्याला परतला तेव्हा नितेशने तोडगा काढला.

“दादा, त्याईले एक ओळ लिहून देऊ. लकवा झाला हाय म्हना. मानसं हायेत, समजून घेतीन.”

संघपालचा आवाज चढला. “मी हाताचा फोटो पाठवून राहिलो का बे? विमानाचा पाठवून राहिलो! त्यात हात कुठी दिसते?”



दुसऱ्या दिवसापासून संघपाल मूर्तिजापूर रोडच्या कडेला उभा राहू लागला. विमान रोज थोडंच दिसणार? त्याने एसटी धरली. बस आली की कॅमेरा डोळ्याला लावायचा, बससोबत वळायचं. थरथर काही जाईना. लोक थांबून बघत. ज्योत्स्नाला आधी लाज वाटली, मग राग आला. अंगणवाडीतून परतताना एकदा ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

“काहून असं करून राहिले तुमी? लोक काय म्हनतीन?”

“हात पोटाले टेकून राहिला पाह्यजे. सुटते सारखा.”

ज्योत्स्नाने त्याच्याकडे पाहिलं. तोंडाला बांधलेला दुपट्टा सोडला, त्याचं उजवं कोपर पोटाशी करकचून बांधलं आणि म्हणाली, “आता काढा. यवतमाळ गाडी येऊन राहिली.”

कॅमेऱ्याचं सगळं वजन डाव्या तळव्यावर, उजव्या हाताला फक्त बोट दाबायचं काम, आणि वळायचं ते कमरेतून. बस निघून गेली तरी वळत राहायचं, मध्येच थबकायचं नाही. पाऊस येऊन गेला, कपाशी फुटली. हळूहळू फोटोत बसवरच्या गावाचं नाव वाचता येऊ लागलं आणि चाकं फिरताना दिसू लागली.

थंडी पडल्यावर तो पुन्हा रामरावांच्या बांधावर उभा राहिला. तूर कमरेएवढी झाली होती. या वेळी दुपट्टा बांधायला ज्योत्स्नाही आली होती. दूर आभाळात आधी दिवा दिसला, मग पंख. संघपालने डाव्या पायावर भार घेतला, श्वास रोखला आणि विमानाबरोबर वळू लागला. बोट दाबलं. विमान डोक्यावरून धावपट्टीकडे गेलं तरी तो वळतच राहिला.

“आला का?” ज्योत्स्नाने विचारलं.

“मले नोको विचारू. थे सांगतीन.”

चारसहा दिवसांनी प्रणालीचा फोन आला. ती रडत होती की हसत होती, कळेना.

“बाबा, घेतला! घेतला त्याईनं! पंखे कसे फिरून राहिले, पाहा तरी!”

संघपालने आधी एकच विचारलं, “त्याईले माह्या हाताचं कोनी सांगतलं तं नाई?”

“नाई बाबा. कोनीच नाई. तुमची शपथ.”

मग तो असा ओरडला की शेजारची चतुराबाई पिठाच्या हाताने धावत आली. तिला वाटलं, पुन्हा झटका आला. ज्योत्स्नाने तिच्या तोंडात साखर कोंबली. “पास झाले आमचे,” ती म्हणाली आणि डोळे पुसायला आत गेली. नितेशने संगणकावर फोटो उघडला. विमानाच्या अंगावरचं अक्षर न् अक्षर स्पष्ट होतं आणि दोन्ही बाजूंना पंख्यांची गोल, झुळझुळती चकती.

“दादा,” नितेश म्हणाला, “बारशाचे फोटो खराब होते. मी खोटं बोललो.”

“मालूम हाय बे,” संघपालने त्याच्या पाठीत डाव्या हाताने धपका घातला. “हिवरखेडचं लगन कवा हाय, थे सांग. मी येऊन राहिलो.”

हिवरखेडच्या मांडवात कोपर बांधलेला फोटोवाला पाहून मुलीकडच्या एका माणसाने लगबगीने खुर्ची आणून ठेवली. “काका, बसून काढा.”

“थ्या उभ्या बुढीले द्या,” संघपाल म्हणाला आणि पाय ओढत मंचासमोर गेला. नवरी हार घालत असताना त्याने बोट दाबलं. फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मोठा करून पाहिला. नवरीचा हात किंचित हलला होता. आजूबाजूचे चारजण डोकावून म्हणाले, “मस्त आला!”

संघपालने तो पुसून टाकला.

“नाई आला,” तो म्हणाला. “पुन्हा एकडाव. हार वर घे माय.”