खोटी पाळी

आशाचं पोट पाळीच्या आधीच दुखायला लागायचं आणि पाळी गेल्यावरही दुखत राहायचं. पण बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत बाईला निजायची मुभा एकाच कारणानं मिळे. बाजूला बसलं की चूल नाही, पाणी भरणं नाही. म्हणून कळ आली की ती सासूला सांगे, "आत्या, मी बाजूला बसले."

"महिन्यात दोन-दोनदा?" सखूबाई म्हणत. "आमची मेंढरं बी इतकी लोळत नायत."

डॉक्टरांकडे सखूबाईच सोबत येत. त्यांच्यादेखत आशाला खोटं मोडता येत नसे. "पाळीतच दुखतं," ती सांगे. डॉक्टर गोळ्या देत, मूल झालं की थांबेल म्हणत. मूल होत नव्हतं. वर्षं गेली.

क्रांती चौकाजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सखूबाईंना बाहेर बसवलं, तेव्हा आशा पहिल्यांदा खरं बोलली. शौचाला बसलं तरी कळ येते. नवऱ्याजवळ जायची भीती वाटते.

सोनोग्राफी झाली. "गर्भाशयाच्या आत असतं तसलं अस्तर बाहेर वाढलंय, असं दिसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दर महिन्याला तिथंही रक्त साकळतं. एंडोमेट्रिओसिस म्हणतात. पक्कं दुर्बिणीतूनच कळेल, आणि त्याच वेळी काढूही."

"मूल व्हईल ना?" आशानं विचारलं.

"वाचवता येईल तेवढं वाचवते. आधी यायला हवं होतं."

ऑपरेशन चालू असताना नातेवाइकांना आत बोलावून काढलेला भाग दाखवायची तिथं रीत होती. सखूबाई आणि आशाचा नवरा बिरू दारापाशी उभे राहिले. स्टीलच्या ट्रेमध्ये काकवीसारखं काळपट, घट्ट रक्त होतं.

"डावं अंडाशय काढावं लागलं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आतडं सोडवलं. दुखणं बरंच कमी होईल. पण दोन्ही नळ्या बंद झाल्यात. आपोआप दिवस राहणार नाहीत. दुसरे उपाय आहेत, खात्री मात्र नाही."

सखूबाई ट्रेकडंच बघत होत्या. "हे समदं तिच्या पोटात व्हतं? म्हंजी सोंग नव्हतं."

बिरू दारातून मागं सरला.

दुसऱ्या दिवशी आशा उशीला टेकून बसली. टाके ओढत होते, पण ती जुनी कळ नव्हती. सखूबाईंनी तिच्या तोंडावरचे केस मागं सारले. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"लई सोसलंस, बाई," त्या म्हणाल्या. "आता माहेराला जा. निवांत पड."

"किती दिस, आत्या?"

"बरी होईस्तवर."

"आवो, तुमी याल ना न्यायला?" तिनं नवऱ्याला विचारलं.

बिरू खिडकीशी उभा होता. "बघू," तो म्हणाला. "कंपनीत सुट्टीचं लई अवघड झालंय."

नेसायला साडी हवी म्हणून आशानं सखूबाईंनी घरून भरून आणलेली कॉटखालची पिशवी ओढली. ती जड होती. रोजच्या साड्यांखाली तिचा लग्नातला शालू घडी करून ठेवलेला होता.