न्याहारीने वाचवलेला जंत

माझे वय विचारू नका, मित्रांनो. मी एक जुनी प्लॅटिनमची तार आहे. काचेच्या नळीत बसवलेली, इंचभर, टोकाशी चपटी. पेनांगच्या प्रयोगशाळेत हाशिमाबाईंनी मला हातोडीने ठोकून घडवले. सगळे त्यांना काक, म्हणजे ताई, म्हणतात.

माझे काम जंत उचलण्याचे. डोळ्याला जेमतेम दिसणारे, काचेसारखे पारदर्शक जंत. पेशीतल्या प्रथिनांची घडी बिघडली की त्यांचे गोळे होतात आणि जंत लुळा पडतो. हे सारे भिंगातून दिसते. कौतुक अर्थात भिंगाचे होते. माझ्या टोकाने प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी एकदा कीबोर्डमधला बिस्किटाचा चुरा काढला.

दर वेळी जंतू मारायला मला आधी ज्योतीत लाल करतात. गार होईपर्यंत थांबायचे, म्हणून काकचा नियम असा, की सकाळी काय खाल्ले ते सांगायचे आणि मगच जंताला शिवायचे.

इथे संशोधन करणाऱ्या सू यिनला दोन वर्षांच्या शोधानंतर असे जंत सापडले होते, की ज्यांच्या प्रथिनांचे गोळेच होत नव्हते. हे जंत गोठवले की वर्षानुवर्षे जिवंत राहतात, पण ते काम तिने उद्यावर ढकलले. सुट्टीत जंतांच्या बश्या ठेवायचे थंड कपाट बंद पडले. सोमवारी बशीत बुरशी होती आणि दोनच जंत हलत होते.

तिने मला तापवले.

"काय खाल्लंस?" काकने विचारले.

"काही नाही."

उत्तर फारच लहान होते. मी तापलेलीच टेकले आणि जंत जागीच भाजला.

"किती राहिले?" सरांनी दारातून विचारले.

"एक, सर."

"दोन होते ना?"

"होते, सर."

बुरशी उरलेल्या जंताच्या शेपटीपर्यंत आली होती. मी पुन्हा लाल झाले. सू यिन काककडे वळली.

"काक, मी खरंच काही खाल्लं नाही गं!"

"मग माझं ऐक. नारळाच्या दुधातला भात. वर सुकट. तळलेले शेंगदाणे. काकडी. अर्धं अंडं."

"अर्धंच?"

"अर्धं नवऱ्यानं पळवलं मेल्यानं."

सू यिन फिसकन हसली. एवढ्यात मी गार झाले होते.

"उचल आता."

मी त्याला उचलून नव्या बशीत ठेवले. तो हलेना. सू यिनने बशीला टिचकी मारली. काहीच नाही. दुसरी मारली. तो वळवळला.

या जंताला अंडी घालायला जोडीदार लागत नाही. गुरुवारी बशीत अंडी होती. त्यांतली पिल्ले वाढली, त्याच दिवशी सू यिनने ती गोठवली.

मित्रांनो, मला पेनांच्या डब्यात टाकू नका. आणि नाजूक काम असेल त्या सकाळी पोटभर खाऊन निघा. सू यिन आता रोज खाऊन येते. तरी काक विचारतेच, आणि ती कॉफीच्या शेवटच्या घोटापर्यंत सगळे सांगते. तोवर मी गार झालेली असते.